काळ्या बीरचे दोन घोट

भाटघरच्या धरणाचं काम चालू होतं, त्या काळात तिथल्या साहेबलोकांच्या छावणीत कुंडलिक रेणुशाच्या हाताला मोठं नाव होतं. पुण्याहून धरण बघायला आलेले अधिकारी जेवण झाल्यावर त्याला मुद्दाम बाहेर बोलावून घेत आणि मान हलवत काहीतरी बोलत. ते शब्द त्याला कळत नसत, पण रोख कळे. तो हात जोडून उभा राही. त्याची बायको रतनबाई तेव्हा बबर्चीखान्याच्या मागच्या ओट्यावर पाट्याशी बसलेली असे आणि खाली मान घालून मसाला वाटत राही. मान वर केली तर आपल्या तोंडावरून कुणाला तरी काहीतरी कळेल, अशी तिला धास्ती होती.

कारण कुंडलिकला चव कळत नव्हती. डोळे मिटून त्याच्या जिभेवर मीठ ठेवलं काय आणि साखर ठेवली काय, त्याला फरक सांगता आला नसता.

हे मानमोडीच्या तापाच्या साथीपासूनचं. मोठी लढाई संपत आली त्या साली कुंडलिक खडकीला एका बंगल्यात गोव्याकडच्या एका म्हाताऱ्या आचाऱ्याच्या हाताखाली होता. वेल्ह्याकडचा शेतकऱ्याचा पोर, पण हात वळणदार. रतनबाईला त्यानं नुकतीच गावाहून आणली होती. साथ आली आणि आचारी चार दिवसांत गेला. कुंडलिकही अंथरुणाला लागला. रतनबाईनं त्याला पेज पाजून जगवला. तो उठून उभा राहिला तेव्हा बंगल्यात स्वयंपाकाला दुसरं कुणी उरलं नव्हतं, म्हणून चूल त्याच्याकडे आली.

रतनबाईच्या लक्षात आलं ते पिठल्यावरून. एक दिवस घाईत मीठ घालायचं राहिलं, तर त्यानं दोन भाकरी निमूट खाल्ल्या. तिला वाटलं, आपल्याला वाईट वाटू नये म्हणून बोलला नाही. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मूठभर मीठ लोटलं. तेही त्यानं तसंच खाल्लं. तेव्हा तिनं ताट पुढून ओढून घेतलं.

"तुमाला चव लागती का?"

त्यानं घास गिळला. मग म्हणाला, "न्हाई. वासबी न्हाई. ताप उतरल्यापासनं."

येईल परत, असं दोघंही म्हणाले. आली नाही. मिरचीची आग तेवढी कळे, ऊन-गार कळे, घट्ट-पातळ कळे. बाकी सगळं तोंडात माती घातल्यासारखं.

मग ब्रॅडक नावाचा साहेब त्याला भाटघरला घेऊन आला. धरणावरची माणसं त्याला बराडक म्हणत. छावणीतली ती सगळी वर्षं नवराबायकोनं ही गोष्ट झाकून काढली. कुंडलिक रांधायचा. पदार्थ उतरायच्या आधी वाटीत थोडा घेऊन मागच्या दारी यायचा, जसं काही बायकोला कांदा कुठं आहे ते विचारायला आलाय. रतनबाई बोट बुडवून चाखायची आणि पाट्यावरून नजर न उचलता सांगायची. मीठ कमी. आंबट जास्त. सशाला अजून शिजू दे. तिनं जन्मात खाल्लं नव्हतं असलं कायकाय साहेबाच्या टेबलासाठी तिनं चाखलं, नंतर चूळ भरली आणि पुन्हा वरवंटा धरला. हळूहळू तिला त्या लोकांच्या जिभेचा अंदाजच आला. नाव कुंडलिकचं होत गेलं, आणि त्याचं तिला कधी वाईट वाटलं नाही. भीती मात्र रोज वाटे.

एका गोष्टीला मात्र ती शिवत नसे, ती म्हणजे दारू. साहेबाच्या कुठल्या पदार्थात बाटलीतलं काही पडायचं असेल तर कुंडलिक ते घालायच्या आधीच तिला चाखायला देई, आणि घातल्यावर नशिबावर सोडी.

रतनबाईचं माहेर पाली, राजगडाच्या पायथ्याला. तिचा बाप म्हादू मोहाची प्यायचा. एका पावसाळ्यात तसाच झिंगत गुंजवणी ओलांडायला गेला आणि वाहून गेला. त्यानंतरच्या दोन वर्षांत तिच्या आईनं काय सोसलं ते रतननं पाहिलं होतं. तेव्हा ती दहा-अकरा वर्षांची असेल. आईबरोबर वेल्ह्याला मेंगाईच्या देवळात गेली असताना तिनं पायरीवर हात ठेवून सांगितलं होतं, दारूला शिवणार नाही, पिणाऱ्याच्या घरी नांदणार नाही. कुंडलिकचं स्थळ आलं तेव्हा तिच्या मामानं शेत किती ते नंतर विचारलं, पितो का ते आधी विचारलं.

आणि ब्रॅडक साहेबाला तर दारू गाळायचा नाद होता. गाळायचा म्हणणं बरोबर नाही. तो बीर करायचा. विलायतेत त्याचा बाप बीरच करत असे. दर थंडीला साहेब एकदा काळी बीर घाली. साधी पिवळी बीर छावणीत पेटीनं येई, पण ही वेगळी होती. जव भिजवायचे, मोड आणायचे, वाळवायचे आणि त्यातले काही लोखंडी कढईत कोळशासारखे होईतो भाजायचे. ते साहेब स्वतः भाजी. बाह्या वर करून, घाम गाळत, कुणाला हात लावू न देता. सगळ्या छावणीत वास सुटे, तव्यावर विसरलेल्या नाचणीच्या भाकरीचा असतो तसा. मग डब्यातून आलेली कसली कडू वाळकी फुलं पडत, गूळ पडे, आणि सगळं लाकडी पिपात जाऊन अंधाऱ्या कोठीत आंबत बसे. रतनबाई त्या दिवसांत कोठीच्या बाजूनं जातही नसे.

त्या वर्षी साहेबाच्या मनात आलं की बीरमध्ये इथला मसाला घालून पाहावा. रतनबाईच्या पाट्यावरचा वास त्याच्या नाकात वर्षानुवर्षं जात होता, त्याचाच हा परिणाम असावा. एका पिपात त्यानं जायफळ आणि दगडफूल घातलं. दुसऱ्यात पिंपळी आणि त्रिफळं. त्रिफळं वरंध्याच्या घाटानं कोकणातून येणाऱ्या एका माणसाकडून घेतली होती. त्यांची चव जिभेला मुंग्या आणते, आणि साहेबाला त्याची मोठी गंमत वाटली होती. नाताळच्या सुमाराला पुण्याहून मोठे अधिकारी धरण पाहायला यायचे होते. त्यांना जेवणावर ही बीर द्यायची, असं साहेबानं ठरवलं. त्यानं तसं सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं.

पाहुणे यायच्या आठवड्यात साहेबाला सर्दी झाली. साधी नाही. नाक दगडासारखं बंद, डोळे लाल, आवाज बसलेला. जेवणाची त्याला चव लागेना. कुंडलिक चहा घेऊन गेला तेव्हा साहेब आपल्या मोडक्या हिंदुस्थानीत म्हणाला की नाक नसलं की माणूस मेल्यासारखाच, आणि आता पिपांचं तूच बघ. दोन्ही चाखून सांग कोणतं काढायचं. तुझ्या जिभेवर माझा भरवसा आहे.

कुंडलिक मागच्या दारी आला तेव्हा त्याचा चेहरा पाहूनच रतनबाईनं वरवंटा ठेवला. त्यानं सगळं सांगितलं. तिनं विचारलं, बटलर तिथं होता का? होता, तो म्हणाला.

बटलर म्हणजे चिमाजी. पुण्याच्या लष्कर भागातून वर्षापूर्वी आला होता. पांढरा अंगरखा, कमरेला किल्ल्या. दारूच्या कपाटाची किल्ली त्याच्याकडे असे, कारण तो दारूला शिवत नाही हे साहेबाला ठाऊक होतं. माणूस कामाचा होता, पण त्याला आपल्या मेव्हण्याला इथल्या चुलीवर बसवायचं होतं. वाटी घेऊन मागच्या दारी जाणारा कुंडलिक त्यानं पुष्कळदा पाहिला होता. हा आचारी स्वतः कधी चमचा तोंडात घालत नाही, हेही त्याच्या नजरेतून सुटलं नव्हतं.

कुंडलिकचा बेत असा होता की दोन्ही पिपांतलं थोडं थोडं फडक्याच्या दोन टोकांना भिजवून आणायचं. रतननं नुसता वास घ्यायचा. पिणं नाही, चाखणंही नाही. वासावरून तिला कळलं असतं. तिनंही हो म्हटलं होतं. पण दुपारी तो कोठीकडे गेला तर चिमाजी दारातच उभा. साहेबही शाल गुंडाळून व्हरांड्यात आलेला, आणि टेबलावर तीन पेले.

चिमाजीनं काय सांगितलं होतं ते रतनबाईला नंतर कळलं. तो साहेबाला म्हणाला होता की हुजूर, आचाऱ्याला चव कळत नाही असा मला संशय आहे. साहेब हसला होता. पण नाताळचं जेवण तोंडावर होतं, आणि स्वतःचं नाक बंद असलेला माणूस जरा हळवा झालेला असतो. बघू, असं तो म्हणाला. दोन पेल्यांत एका पिपातली बीर, तिसऱ्यात दुसऱ्या पिपातली; वेगळा पेला कुंडलिकनं ओळखायचा, असं ठरलं होतं.

ओट्यावरून रतनबाईला व्हरांडा दिसत होता, बोलणं ऐकू येत नव्हतं. पेल्यांत काहीतरी काळं होतं, वर तांबूस फेस. चिमाजी पेल्यांच्या जागा बदलत होता. तिला समजलं की ही परीक्षा आहे. तिच्या हातांना ओला मसाला लागलेला होता, तो तसाच वाळायला लागला.

तिनं नवऱ्याला पहिला पेला उचलताना पाहिलं. त्यानं घोट घेतला, ठेवला. दुसरा घेतला, ठेवला. तिसरा उचलून ओठाला लावला आणि एकाएकी थांबला. पेला तसाच हातात धरून तो उभा राहिला. मग पुन्हा घोट घेतला, मोठा. पुन्हा एक. तिला वाटलं, संपलं. आता तो खाली मान घालणार. पण कुंडलिकनं तो पेला साहेबापुढं ठेवला आणि काहीतरी बोलला. साहेबानं चिमाजीकडे पाहिलं. चिमाजीनं पेल्याखालची खूण बघितली आणि मागं सरला.

मग साहेबानं काही विचारलं आणि कुंडलिकनं पुन्हा त्याच पेल्यावर बोट ठेवलं.

तो ओट्याकडे आला तो जवळजवळ धावत. इतक्या वर्षांत रतनबाईनं त्याला असा पाहिला नव्हता. "रतन, माझ्या जिबेला कळलं. त्रिफळ कळलं मला. ह्या टोकाला आसं झिणझिण झालं. येतीया चव, परत येतीया."

तिनं त्याला बसवलं. तो बोलतच होता. साहेबानं कोणतं पीप काढायचं विचारलं, तर त्यानं त्रिफळाचंच सांगितलं होतं. दुसऱ्या दोन पेल्यांत तोंडात पाणी घेतल्यासारखंच होतं, काहीच नाही. पण ह्यात होतं. जिवंत होतं. बोलता बोलता त्यानं फडकं काढलं. चिमाजीची पाठ वळल्यावर त्यानं दोन्ही टोकं भिजवून घेतलीच होती, सवयीनं.

रतनबाईनं पहिलं टोक नाकाशी नेलं. करपलेला, कडू, जड वास. त्याच्या मागं जायफळ. तिला शिसारी आली नाही, याचं तिला नवल वाटलं. मग दुसरं टोक हुंगलं आणि तिनं फडकं मांडीवर ठेवलं.

"आवं," ती म्हणाली, "ह्ये आंबलंय."

"आंबवलेलंच आस्तंय ते."

"तसं न्हवं. ताकाचं गाडगं धुयाचं ऱ्हायलं की येतो तसा वास मारतोय. नासलंय ह्ये."

त्याचा विश्वास बसेना. तो म्हणाला, तू कधी बीर पाहिलीस? तुला काय ठाऊक चांगली कोणती? तिनं त्याच्या हातावर हात ठेवला आणि हळू सांगितलं की त्रिफळानं जिभेला मुंग्या येतात, जशी मिरचीनं आग होते. ती चव नव्हे. मिरची तर तुम्हाला पहिल्यापासून कळतेच आहे.

कुंडलिक बसून राहिला. धरणाच्या दगडखाणीकडून सुरुंगाचा आवाज आला, ओट्यावरची भांडी हलली, आणि तरी तो तसाच बसला होता. त्याच्या तोंडावरचा तो आनंद आपण आपल्या हातानं पुसला असं रतनबाईला वाटत राहिलं. पण गप्प बसून चाललं नसतं. पाहुणे आजच, दिवस मावळायच्या सुमाराला, येणार होते.

"जाऊन सांगाया लागंल," ती म्हणाली.

"काय सांगू? आत्ता सांगितलं ह्ये, आन आता न्हवं म्हणू?"

"जे हाय ते सांगा."

तो गेला. रतनबाई त्याच्या मागून गेली, व्हरांड्याच्या पायऱ्यांशी थांबली. त्यानं साहेबापुढं हात जोडले आणि सगळं सांगितलं, मानमोडीपासून. मधेमधे त्याची हिंदुस्थानी अडत होती. चिमाजी दारात उभा राहून ऐकत होता. त्याला बोलायची गरज उरली नव्हती.

साहेब ओरडला नाही. रुमालानं नाक पुसत राहिला. मग त्यानं विचारलं की इतकी वर्षं मी कुणाच्या हातचं खाल्लं? कुंडलिक म्हणाला, हात माझा, जीभ तिची. साहेबाचं तोंड लाल झालं. इतक्या लोकांना तो सांगत आला होता की असा आचारी पुण्यात नाही. त्याचं हसं झालं होतं, आणि ते अजून कुणाला ठाऊक नव्हतं एवढंच. त्यानं पिपांच्या कोठीकडे पाहिलं. तो म्हणाला की मग ती सांगते ते तरी खरं कशावरून?

तेव्हा चिमाजी बोलला. नुसत्या वासावरून बाईमाणूस काय सांगणार, हुजूर. ही प्यायची चीज. पिऊन सांगू दे.

साहेबानं दोन पेले भरायला सांगितले. त्याच्या मनात वाकडं नव्हतं. त्याच्या देशात बायका बीर पीत असत, आणि आपण काय मागतोय ते त्याला समजलं नव्हतं. पेले आले तसा कुंडलिक टेबलाच्या आणि बायकोच्या मधे जाऊन उभा राहिला आणि त्यानं पेल्यांवर तळहात ठेवले.

"साहेब, हिला न्हाई पाजायची. उद्या बिऱ्हाड उचलतो. दुसरा मानूस बगा. पर हिला न्हाई."

तो मराठीत बोलत होता, हे त्याच्या ध्यानातही आलं नाही. साहेब चिमाजीकडे बघू लागला. चिमाजीनं त्याचा अर्थ सांगितला तो असा की आचारी कबूल करतोय, वास घेतल्याचं खोटं आहे.

रतनबाईला एवढी हिंदुस्थानी कळत होती. ती पायऱ्या चढून वर आली. साहेबाच्या व्हरांड्यात ती पहिल्यांदाच पाय ठेवत होती. फरशी गार होती. तिला गुंजवणीच्या काठची आई दिसली, मेंगाईची पायरी दिसली, आणि हे सगळं असूनही समोर दोन पेले होते आणि त्यांवर तिच्या नवऱ्याचे हात होते. आज हे इथंच सोडून दिलं तर रात्री नासलेलं पीप उघडलं जाणार, आणि उद्या धरणावरची सगळी माणसं म्हणणार की रेणुशानं साहेबाच्या पाहुण्यांना घाण पाजली. तो बिऱ्हाड घेऊन जाणार होता, पण हे नाव घेऊन जाणार होता.

"हात काडा," ती म्हणाली.

"रतन, आगं…"

"काडा म्हनते ना."

त्यानं हात काढले. तिनं पदर डोईवर नीट घेतला, पहिला पेला उचलला आणि एक घोट घेतला. फेस ओठाला लागला. आधी कडू, फार कडू. मग जळक्या भाकरीची चव, मग गुळाचा लांबचा गोडवा, आणि गिळल्यावर जायफळ वर आलं आणि छातीत ऊब पसरली. बापाच्या तोंडाला यायचा तो वास येईल म्हणून ती अंग आवळून उभी होती. तो आला नाही. चव चांगली होती. तिला रडू येईल असं वाटलं ते त्यामुळं.

दुसरा घोट तिनं लगेच घेतला, नाहीतर हात पुढं गेला नसता. जीभ झिणझिणली, आणि त्या झिणझिणीखालून आंबट नासका घोट घशाशी आला. तो तिनं गिळला. थुंकली असती तर पुन्हा कशावरून म्हटलं असतं.

"ह्ये चांगलं हाय," पहिल्या पेल्याकडे बोट करून ती म्हणाली. "आन त्ये दुसरं वतून द्या."

साहेबानं कुंडलिककरवी विचारलं की चांगलं म्हणजे कसं? तिनं सांगितलं. करपल्या नाचणीच्या भाकरीवानी, मागनं जायफळ. साहेबानं ते दोनदा समजावून घेतलं. मग त्यानं पहिलं पीप काढायला सांगितलं आणि आत निघून गेला. रतनबाई खाली उतरली, ओट्यावर आली आणि मीठ घेऊन जीभ घासू लागली.

संध्याकाळ तिनं कशी काढली ते तिलाच ठाऊक. डोकं हलकं झालं होतं, पण मन हलकं नव्हतं. कुंडलिकचं एक वाक्य मनातून जाईना, तुला काय ठाऊक चांगली कोणती. मुळात आंबवून केलेली वस्तू. तिच्यात नासलेलं कोणतं हे आपण कोण ठरवणार? आपल्याला ताक ठाऊक. त्या लोकांना कदाचित तेच आवडत असेल. पाहुण्यांच्या मोटारी आल्या, दिवे लागले. कुंडलिक बश्या भरत होता, वाटी घेऊन मागं येत होता आणि ती सांगत होती, पण दोघांचं लक्ष आतल्या आवाजांकडे होतं. सूप गेलं. मग चिमाजी बीरचे मोठे जग घेऊन आत गेला. एकाएकी आतलं बोलणं थांबलं.

ती शांतता फार लांबली असं रतनबाई पुढं सांगत असे. कुंडलिकनं हातातली पळी खाली ठेवली. मग कुणीतरी मोठ्यानं काही बोललं, टेबलावर हात आपटला, आणि हसणं उसळलं. ते हसणं कसलं आहे ते दोघांनाही कळेना. चिमाजी बाहेर आला. त्याच्या हातातले जग रिकामे होते. कुणाकडे न बघता तो कोठीत गेला, पिपाची तोटी सोडली आणि ते पुन्हा भरून आत घेऊन गेला. रतनबाई भिंतीला पाठ टेकून खाली बसली.

त्या रात्री साहेबानं कुंडलिकला पाहुण्यांपुढं बोलावलं नाही. सर्दी उतरल्यावर त्यानं त्रिफळाचं पीप स्वतः हुंगलं आणि कोठीमागच्या ओढ्यात ओतून दिलं, पण त्याबद्दल काही बोलला नाही. कुंडलिकला त्यानं काढलंही नाही. धरण पुरं होईपर्यंत चूल त्याच्याकडेच राहिली. फक्त साहेब बबर्चीखान्याकडे यायचा बंद झाला, आणि त्यानं पुन्हा कधी काळी बीर घातली नाही. धरण झालं, साहेब दुसरीकडे गेला. त्यानं कुंडलिकला बरोबर चल म्हटलं नाही, आणि कुंडलिकनंही विचारलं नाही.

चिमाजीची जीभ मात्र गप्प राहिली नाही. रेणुशाच्या बायकोनं साहेबाबरोबर दारू घेतली, एवढंच भोरच्या बाजारातून निघालं, आणि वेल्ह्यापर्यंत जाता जाता ते बरंच वाढलं. बिऱ्हाड घेऊन दोघं गावी आली तेव्हा भावकी बसली. कुंडलिकचा थोरला चुलता सोनबा पुढं होता. वाईट माणूस नव्हे, पण घराण्याच्या शब्दाला जपणारा. त्यानं रतनबाईला सरळ विचारलं. कुंडलिक सगळं सांगायला उठला, तर तिनंच त्याला बसवलं.

"घेतली. दोन घोट," ती म्हणाली. कारण तिनं सांगितलं नाही. सांगायचं तर नवऱ्याची चव गेल्याचं चारचौघांत सांगावं लागलं असतं, आणि रांधणं हेच आता त्याचं पोट होतं.

त्यांना कुणी गावाबाहेर काढलं नाही. पण लग्नाकार्याच्या पंगतीत त्यांची पानं कडेला मांडली जाऊ लागली, आणि रतनबाईला चुलीपाशी कुणी बोलावीना. एक वर्ष तिनं ते सोसलं. मग एका मंगळवारी ती एकटीच मेंगाईला जाऊन आली. तिथं तिनं काय सांगितलं ते कुणाला ठाऊक नाही. आल्यावर तिनं कुंडलिकला म्हटलं, चला, दुसरीकडं जाऊ.

नीरेच्या पुलाजवळ, सारोळ्याला, त्यांनी खानावळ टाकली. सातारच्या रस्त्यावर तेव्हा मोटारी वाढायला लागल्या होत्या. मोटारवाले, बैलबाजाराला निघालेले शेतकरी, मेंढरं घेऊन जाणारे धनगर, सगळे तिथं थांबत. तिथं लपवण्यासारखं काही नव्हतं. कुंडलिक चुलीवर असायचा आणि सगळ्यांदेखत हाक मारायचा, "आगं, बघ जरा." ती यायची, बोट बुडवायची, सांगायची. गिऱ्हाइकांना वाटे, बायकोच्या धाकातला माणूस आहे. तो हसून घेई.

त्याची चव काही परत आली नाही. दुसरी लढाई सुरू झाल्यावर, धान्याची ओढाताण चालू होती त्या दिवसांत, एक दिवस दुपारी सोनबा खानावळीच्या दारात येऊन उभा राहिला. फार म्हातारा झाला होता. साताऱ्याला लेकीकडे जाऊन परत येत होता आणि मोटार बिघडल्यानं सगळेच उतारू खाली उतरले होते. ही खानावळ कुणाची हे त्याला ठाऊक असणारच. कुंडलिक चुलीपासून उठला. रतनबाईनं तांब्या भरून बाहेर आणला आणि चुलतसासऱ्याच्या पायांवर पाणी घातलं.

तो आत आला आणि बाकीच्या लोकांच्या रांगेत, मधोमध, पाटावर बसला. तिनं वाढलं. ज्वारीची भाकरी, हुलग्याचं माडगं, लसणाची चटणी. म्हातारा खाली मान घालून जेवत होता. माडगं संपल्यावर त्यानं वाटी पुढं केली.

"सूनबाई," तो म्हणाला, "आजून थोडं वाड."

तिनं वाढलं.